‘पॉपराइझ’ या क्रियापदाचे टिपण : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर, रविवार

सोलापुरात नवी पेठेजवळच्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी आम्ही काही भाषांतरकार आणि कायद्याचे विद्यार्थी एकत्र बसतो. आज एका विद्यार्थ्याने भाषांतराला घेतलेल्या जुन्या इंग्रजी निबंधातले एक वाक्य सर्वांनाच अडले. त्याने केलेले मराठी असे होते : ‘सरसकट वाटलेल्या मदतीमुळे मजूर गरीब होतात.’ ऐकणाऱ्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, की हाती मदत पडल्यावर माणूस गरीब कसा होईल? मूळ वाक्यातले क्रियापद ‘पॉपराइझ’ होते. विद्यार्थ्याजवळच्या छोट्या कोशात त्यासमोर ‘गरीब करणे, कंगाल करणे’ एवढेच छापलेले आहे. त्याने कोशाबरहुकूम भाषांतर केले, व्याकरणही चोख ठेवले, आणि तरीही वाक्याला काही अर्थ उरला नाही.

या एका क्रियापदावर चार पानांचे टिपण तयार करायचे ठरले आहे. शब्द कोठून आला, तो कोणी कशासाठी वापरला आणि मराठीत कोणत्या ठिकाणी काय लिहावे, एवढेच त्यात असेल. छपाई वर्गणीतून भागवायची आहे. अशी टिपणे इतर गावांतल्या मंडळींनाही करावीशी वाटतील, म्हणून काय जमले नाही आणि ते कसे सावरले, हे तारीखवार लिहून ठेवतो आहे.

१० नोव्हेंबर

सुरुवात शब्दाच्या मुळापासून केली. लॅटिन भाषेत ‘पाउपेर’ हे विशेषण बेताची मिळकत असलेल्या माणसाला लावत असत. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याच्यासाठी ‘एगेन्स’ हा निराळा शब्द होता. व्युत्पत्तिकार ‘पाउपेर’ची फोड ‘थोडे’ आणि ‘उत्पन्न करणे’ अशा दोन धातूंत करतात. पहिल्या धातूपासून इंग्रजीतला ‘फ्यू’ आला, तर दुसऱ्याचे नाते ‘पेरेंट’शी आहे. थोडक्यात, ज्याच्या हातून थोडेच पिकते तो पाउपेर. लॅटिनमध्ये हे विशेषण शेतजमिनीलाही लावलेले आढळते.

लॅटिनमधून हा शब्द दोन वाटांनी इंग्रजीत शिरला. पहिली वाट फ्रेंचमधून आली. तिकडे त्याचे ‘पोव्हर’ झाले, त्यापासून इंग्रजीला ‘पुअर’ आणि ‘पॉव्हर्टी’ मिळाले, आणि १५व्या शतकाच्या सुमारास ‘इम्पॉव्हरिश’, म्हणजे निर्धन करणे, हे क्रियापदही मिळाले. दुसरी वाट न्यायालयातून गेली. इंग्लंडमध्ये सातव्या हेन्रीच्या काळात, १४९५ साली, शुल्क भरू न शकणाऱ्या माणसाला विनाशुल्क दावा लावण्याची सोय कायद्याने झाली. ‘इन फॉर्मा पॉपेरिस’, म्हणजे ‘गरिबाच्या रूपाने’, हा त्या सोयीचा लॅटिन शब्दप्रयोग. त्यातून ‘पॉपर’ हे नाम १६व्या शतकात इंग्रजीत सुटे वापरले जाऊ लागले, आणि त्याला ‘आइझ’ हा प्रत्यय लागून आमचे क्रियापद १९व्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाले.

‘इम्पॉव्हरिश’ हे क्रियापद जमिनीलाही लावतात, हे सांगितल्यावर मंगळवेढ्याकडे शेती असलेले आमचे एक सभासद लगेच म्हणाले, ‘आमच्याकडं जमिनीचा कस गेला म्हणतात की.’ ते तसेच टिपून घेतले. जमिनीच्या संदर्भात ‘कस घालवणे’ हाच शब्दप्रयोग वापरायचा, यावर कोणाचेही दुमत नव्हते.

१७ नोव्हेंबर

हा आठवडा बहुतांशी वाया गेला. त्याची कारणे नोंदवणे आवश्यक आहे.

एका मोठ्या कार्डशीटवर आम्ही शब्दांचा वंशवृक्ष काढायला घेतला. ‘पॉपर’च्या घराण्याबरोबर अर्थाने जवळ असलेली इतर क्रियापदेही त्यावर येत गेली. ‘बेगर’ हे क्रियापद आले, कारण ॲडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात शेजारी राष्ट्रांना कंगाल करण्यातच आपला लाभ आहे अशी शिकवण राष्ट्रांना दिली गेली, अशी टीका करताना तेच वापरले आहे. पण ‘बेग’ या शब्दाच्या मुळाबद्दल तज्ज्ञांत एकमत नसल्याने त्याची फांदी कोठे जोडावी हा वाद सुरू झाला. मग ‘बँकरप्ट’ आला, ज्याचे मूळ इटालियन भाषेतल्या मोडक्या बाकाशी जाते. त्यानंतर अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने ‘इमिझराइझ’, म्हणजे हलाखीत ढकलणे, हे सुचवले. जगदीश भगवती यांनी १९५८ साली असे मांडले होते, की एखाद्या देशाचे निर्यातीचे उत्पादन वाढल्यामुळे त्या मालाचे जागतिक भाव एवढे घसरू शकतात, की वाढीनंतर देश आधीपेक्षा गरीब व्हावा. या प्रकाराला त्यांनी जे नाव दिले, त्यात हे क्रियापद आहे. माहिती मोलाची होती. प्रत्येक फांदीवर मात्र अर्धा-अर्धा तास गेला.

शेवटी ते कार्डशीट आम्ही अभ्यासिकेतल्या दोन नव्या मुलांपुढे ठेवले आणि ३ तारखेचे वाक्य दुरुस्त करायला सांगितले. दोघांनीही मुळे नीट सांगितली, पण वाक्य कोणालाच दुरुस्त करता आले नाही. लॅटिनमधला ‘थोडे पिकवणारा’ हा अर्थ रंजक खरा, पण मदतीने माणूस ‘पॉपर’ कसा होतो याचे उत्तर त्यात नाही.

त्यामुळे वंशवृक्ष बाद केला. व्युत्पत्तीला अर्ध्या पानाची मर्यादा घातली, ‘बेगर’, ‘बँकरप्ट’ आणि ‘इमिझराइझ’ पूर्ण वगळले, आणि यापुढे एकच कसोटी ठेवली : ज्या वाक्यापायी टिपण हाती घेतले, ते वाक्य समजायला ज्या मजकुराची मदत होत नाही, तो कितीही चांगला असला तरी कापायचा. असे काम करू इच्छिणाऱ्यांनी ही कसोटी पहिल्याच दिवशी भिंतीवर लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

१ डिसेंबर

शब्दाचे मर्म भाषाशास्त्रात सापडले नाही, ते कायद्याच्या इतिहासात सापडले.

इंग्लंडमध्ये १६०१ सालच्या ‘गरीब कायद्या’ने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर, आपल्या गोरगरिबांना पोसण्याची जबाबदारी टाकली. त्यासाठी मालमत्ताधारकांकडून कर घेतला जाई आणि तो वाटण्यासाठी देखरेख करणारे नेमलेले असत. पुढे १६६२ साली माणूस कोणत्या पॅरिशचा, हे ठरवण्याचे नियम आले, म्हणजे मदत कोणी द्यायची हेही ठरले. या व्यवस्थेत ज्याचे नाव मदतीच्या वहीत चढले, तो ‘पॉपर’. शेजारच्या घरात तितकाच गरीब पण मदत न घेणारा मजूर राहत असेल, तर तो ‘पुअर’ असे, पण ‘पॉपर’ नसे.

हा फरक किती ठळक होता, हे १६९७ सालच्या कायद्यातल्या एका तरतुदीवरून दिसते. मदत घेणाऱ्या प्रत्येकाने वरच्या कपड्याच्या उजव्या बाहीवर, खांद्यापाशी, सहज दिसेल असे एक चिन्ह शिवून घ्यायचे होते : लाल किंवा निळ्या कापडातून कापलेले मोठे रोमन ‘पी’ अक्षर, आणि त्याच्याबरोबर पॅरिशच्या नावाचे आद्याक्षर. एकाच घरात राहणाऱ्या बायको-मुलांनाही ते लावावे लागे. जो लावणार नाही, त्याची मदत कमी किंवा बंद करता येई, किंवा त्याला सुधारगृहात धाडून फटके आणि सक्तमजुरी देता येई. ही तरतूद १८१० साली रद्द झाली, म्हणजे शंभरांहून अधिक वर्षे ती पुस्तकात होती.

बैठकीत हे वाचून दाखवल्यावर ३ नोव्हेंबरचा तो विद्यार्थीच म्हणाला, ‘सर, म्हणजे गरिबी आधीपासूनच होती; मदत घेतल्यावर बाहीवर अक्षर आलं.’ त्याच्या वाक्याला अडलेले उत्तर त्याला स्वतःलाच मिळाले. मजूर आधीच गरीब होता. मदत घेतल्याने तो ‘पॉपर’ झाला.

टिपणात हा भाग सर्वांत पुढे घ्यायचे ठरले. व्युत्पत्ती नंतर येईल.

८ डिसेंबर

आता प्रश्न राहिला तो दूषणाचा. ‘पॉपर’ ही केवळ वहीतली नोंद असती, तर ‘पॉपराइझ’ला इतका कडवट सूर आला नसता. तो सूर आला १७९५ ते १८३४ या काळातल्या वादातून.

मे १७९५ मध्ये, धान्य महाग झाले असताना, बर्कशायर परगण्यातल्या स्पीनहॅमलँड येथे दंडाधिकारी जमले आणि त्यांनी पावाच्या भावाशी जोडलेले कोष्टक ठरवले. ८ पौंड ११ औंसांचा पाव १ शिलिंगला मिळत असेल, तेव्हा मजुराला आठवड्याला ३ शिलिंग आणि बायकोसाठी व घरातल्या प्रत्येक माणसासाठी दीड शिलिंग मिळाले पाहिजेत. मजुरीतून तेवढे होत नसतील, तर उरलेले गरिबांसाठीच्या करातून द्यायचे. पाव महागला की रक्कमही वाढायची. ही पद्धत दक्षिण इंग्लंडमध्ये पसरली, कर वाढला, आणि कर भरणारे चिडले. १८०६ साली लंडनचे एक दंडाधिकारी पॅट्रिक कोलकुहून यांनी दारिद्र्य आणि निष्कांचनता यांत भेद केला : कष्ट करून पोट भरावे लागणे हे दारिद्र्य, ते समाजाला आवश्यकच आहे, आणि कष्ट करूनही पोट न भरणे ही निष्कांचनता, वाईट आहे ती फक्त हीच. गरीब कायद्याच्या चौकशीसाठी १८३२ साली नेमलेल्या आयोगाचा नासाऊ सिनियर आणि एडविन चॅडविक यांनी लिहिलेला अहवाल १८३४ मध्ये आला, तोही याच भेदावर उभा होता. धडधाकट माणसाला घरबसल्या मदत दिल्याने तो परावलंबी होतो, मालक मजुरी पाडतात, कष्टाळूही ‘पॉपर’ बनतो, असा त्याचा सूर होता. उपाय म्हणून वर्कहाउसे, म्हणजे मदत मागणाऱ्यांना आत ठेवून कामाला लावणारी गृहे, पुढे आली. तिथले जिणे सर्वांत कमी मजुरीवर राबणाऱ्या माणसाच्या जिण्याहूनही नकोसे असावे, हे तत्त्वच ठरले. सार्वजनिक मदत घेणाऱ्याला मताचा अधिकार नसे. ती अपात्रता १९१८ साली गेली.

या भागाच्या पहिल्या मसुद्यावर चांगलीच गाडी अडली. आयोगाचे म्हणणे त्यात सरळ विधानांत आले होते : मजूर आळशी झाले, मजुरी पडली, लग्ने लवकर होऊ लागली. विडी कामगारांच्या वस्तीत अनेक वर्षे शिकवलेल्या एका बाईंनी मसुद्याच्या समासात प्रत्येक विधानापुढे ‘कोण म्हणतं?’ असे लिहून दिले. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना अर्थशास्त्रज्ञ मार्क ब्लॉग यांचा १९६३ सालचा लेख कामी आला. १८३४ पूर्वीच्या जुन्या गरीब कायद्याने मजुरांना बिघडवले, या अहवालाच्या निष्कर्षाला उपलब्ध पुरावा आधार देत नाही, असे त्यांनी त्यात दाखवले आहे. मदत हे कमी मजुरीचे कारण नसून कमी मजुरी आणि हंगामी बेकारी असलेल्या भागांत मदत द्यावी लागत होती, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. त्यानंतर संपूर्ण भाग नव्याने लिहिला आणि प्रत्येक विधानाला त्याचा धनी जोडला. यात बराच वेळ गेला, पण टिपणाचा कणा इथेच तयार झाला. ‘पॉपराइझ’ हे क्रियापद वापरणारा लेखक वस्तुस्थिती सांगताना एक आरोपही करत असतो, आणि भाषांतरकाराने तो आरोप जसाच्या तसा पोचवला पाहिजे. गाळू नये आणि आपल्या पदरची भरही घालू नये.

१५ डिसेंबर

आपल्याकडे ‘पॉपर’ न्यायालयातूनच आला, त्यामुळे आज एका वकीलताईंना बोलावले होते. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला ३३वा आदेश मुळात ‘पॉपर’ लोकांच्या दाव्यांबद्दल होता. १९७६ सालच्या दुरुस्तीने ‘पॉपर’ हा शब्द जाऊन तेथे ‘इंडिजंट पर्सन’ आला आणि मालमत्तेची मर्यादा १०० रुपयांवरून १,००० रुपयांवर गेली. कोर्टकचेरीच्या बोलण्यात मात्र जुना शब्द ‘नादार’ आजही चालतो, असे ताईंनी सांगितले. फारसीतल्या ‘ना’ आणि ‘दार’ यांपासून तो आला. ज्याच्याकडे नाही, तो नादार.

‘नादारी’ म्हटल्यावर वयस्क मंडळींना शाळेची आठवण झाली. फी माफ होऊन शिकणाऱ्या मुलाला ‘नादारी मिळाली’ असे म्हणत असत. ‘मी नादारीवर शिकलो’ हे वाक्य कित्येकांनी आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते सांगताना आवाजात कमीपणा नसे, उलट अभिमानच असे. इंग्लंडच्या ‘पॉपर’ला बाहीवर कापडी अक्षर मिळाले. आपल्या नादार विद्यार्थ्याला वर्गात इतरांच्याच बाकावर जागा मिळाली. म्हणून न्यायालयीन मजकुरात ‘पॉपर’साठी ‘नादार’ ठेवायचा, पण ‘पॉपराइझ’साठी ‘नादार करणे’ ही जोडणी वापरायची नाही, असा निर्णय झाला. ‘नादार’मध्ये सवलतीचा हक्क आहे, दूषण नाही, आणि ‘पॉपराइझ’ दूषणाशिवाय उभेच राहत नाही.

२२ डिसेंबर

आजची बैठक सर्वांत लांबली. मराठी पर्याय ठरवायचे होते.

आधी एक कोष्टक केले होते : डावीकडे इंग्रजी क्रियापद, उजवीकडे एकच मराठी शब्द. ते पहिल्या अर्ध्या तासात कोसळले, कारण मराठीत माणसाला निर्धन करण्याची क्रिया सांगणारे शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येकात करणारा निराळा आहे. ‘नागवणे’ म्हटले की समोर सावकार किंवा लुटारू उभा राहतो. ‘देशोधडीला लावणे’ यात गाव सुटणे आले. ‘भिकेला लावणे’ यात बहुधा घरचाच कोणी उधळ्या किंवा व्यसनी असतो. ‘कंगाल करणे’ यात पैसा जातो, पण कोणावर मिंधेपण येत नाही. यांपैकी एकाही शब्दात मदत देणारा हात नाही, आणि ‘पॉपराइझ’मध्ये नेमका तोच हात आहे.

मग दुसऱ्या बाजूने शोध घेतला. ‘मिंधे करणे’ सर्वांना आवडले. त्यात उपकाराचे ओझे अचूक येते. परंतु माणूस एखाद्या विशिष्ट व्यक्तीचा मिंधा असतो, गावाच्या करातून मिळणाऱ्या मदतीचा मिंधा असे आपण म्हणत नाही. ‘पांगळे करणे’ हा प्रयोग अनुदानावरच्या भाषणांत वारंवार ऐकू येतो आणि अर्थानेही जवळ आहे, पण अपंगत्वाला दूषण म्हणून वापरणे आम्हांला मान्य नव्हते. ‘लाचार करणे’ यात मदत घेणाऱ्याचा स्वाभिमान गेला असा ठपका येतो, म्हणजे १८३४च्या आयोगाचा सूर हुबेहूब येतो. ‘आश्रित करणे’ त्या मानाने शांत शब्द आहे.

वादाचा निकाल लावण्यासाठी एक रीत वापरली. ती इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो. प्रत्येक पर्याय घालून ३ नोव्हेंबरचे वाक्य वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिले आणि मूळ इंग्रजी न पाहिलेल्या वाचकांना एकेक चिठ्ठी दिली. खाली दोनच प्रश्न होते : या वाक्यात मजुराचे काय झाले? आणि लेखकाला मजुराबद्दल काय वाटते? ‘कंगाल’ची चिठ्ठी वाचणाऱ्याने वाक्य चुकीचे छापले आहे असे लिहिले. ‘मिंधे’वर ‘कोणाचे मिंधे?’ असा उलट प्रश्न आला. ‘लाचार’ आणि ‘आश्रित’ या दोन्हींवर पहिले उत्तर बरोबर आले, की मजूर मदतीवरच जगू लागला. दुसऱ्या उत्तरात मात्र फरक पडला : ‘लाचार’ वाचणाऱ्याला लेखक मजुराला तुच्छ लेखतो असे वाटले, ‘आश्रित’ वाचणाऱ्याला तो व्यवस्थेवर टीका करतो असे वाटले.

म्हणजे दोन्ही शब्द ठेवणे भाग होते. कोणता केव्हा, हे लेखकाच्या सुरावर ठरेल. ‘असा लेखकाचा आरोप आहे’ हे शब्द भाषांतरातच घालावेत, अशीही एक सूचना होती. ती स्वीकारली नाही. भाषांतरकाराने मजकुरात आपले मत मिसळू नये; त्यासाठी तळटीप आहे.

५ जानेवारी

एक प्रश्न सुरुवातीपासून टांगलेला होता : इंग्लंडच्या या शब्दाचे टिपण सोलापुरात वाचणाऱ्याने का वाचावे? आजचे पान त्यासाठी आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते.

सोलापूर जिल्ह्याने १८७०च्या दशकात दोन्ही प्रकारचे हाल भोगले. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून सावकारांविरुद्धचे दंगे पेटले. शेतकरी नागवला जात होता, हे सरकारलाही नाकारता आले नाही, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो साहाय्य कायदा झाला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जरोख्यावरचा आकडा प्रमाण न धरता व्यवहार मुळापासून तपासण्याची मुभा न्यायालयाला त्याने दिली. हा झाला सावकाराने निर्धन करण्याचा प्रकार. त्याला ‘इम्पॉव्हरिश’ लावावे, ‘पॉपराइझ’ नव्हे.

याच सुमारास १८७६ ते १८७८चा दुष्काळ पडला, आणि त्यात मुंबई इलाख्यातल्या ज्या जिल्ह्यांची दैना झाली त्यांत सोलापूर होते. जानेवारी १८७७ मध्ये, दुष्काळाच्या पाहणीसाठी सरकारने धाडलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला १ पौंड धान्य आणि वर किरकोळ रोख, एवढ्यावर आणली गेली. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर कष्ट करणारा माणूस तगणार नाही, असा जाहीर आक्षेप घेतला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळी भागातली माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. मजुरी कमी ठेवण्यामागे खर्चाबरोबर एक धास्तीही होती : जास्त दिले, तर लोक मदतीवर विसंबतील. १८८० सालच्या दुष्काळ आयोगाने तर लिहूनच ठेवले, की दुष्काळात मदत मागण्याचा गरिबांना हक्क आहे असे मानले, तर पुढे सदासर्वकाळ तो हक्क मानावा लागेल आणि गरिबांना पोसण्याच्या सार्वत्रिक पद्धतीचा पाया पडेल, ज्याचा विचारही आयोगाला चिंतेचा वाटतो. १८३४ साली लंडनमध्ये ज्या क्रियापदाने धास्ती घातली, त्याच विचाराने चाळीसएक वर्षांनी दुष्काळी कामावरच्या मजुराच्या पदरातले धान्य तोलले गेले. शब्दकोशातल्या एका ओळीचा माणसाच्या पोटाशी इतका थेट संबंध असू शकतो, हे वाचताना मन विषण्ण होते.

याच महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळानंतर वेगळे पाऊल पडले. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. आमच्या बैठकीतल्या एका आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली आहे आणि वाटपाची सुकडी खाल्ली आहे. ते म्हणाले, ‘हजेरीपटावर नाव होतं आमचं. काम केलं, पगार घेतला.’ हे वाक्य त्यांच्या परवानगीने टिपणात जसेच्या तसे घेतले आहे.

१९ जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेमुळे छापखान्यांत गर्दी होती, त्यामुळे मुद्रिते आठवडाभर उशिरा मिळाली. आमचा मजकूर युनिकोडमध्ये होता आणि छापणाऱ्याकडची व्यवस्था जुन्या पद्धतीच्या फाँटवर चालणारी. रूपांतर करताना ‘पॉपर’चा ‘पापर’ झाला, ‘करणाऱ्या’चा ‘ऱ्या’ तुटला आणि ‘ॲडम’मधली चंद्रकोर पुढच्या शब्दावर जाऊन बसली. ज्या टिपणाचा विषयच एक शब्द आहे, त्यात तोच शब्द पानोपानी चुकीचा. हाताने दुरुस्त करण्यात पहिले मुद्रित लालेलाल झाले, आणि दुसऱ्या मुद्रितात नव्या जागी तेच दोष आले. अखेर पानांची मांडणी आम्ही अभ्यासिकेच्या संगणकावर स्वतः केली, फाँट आत बसवलेली पीडीएफ तयार केली आणि तीच थेट छपाईला दिली. वाया गेलेल्या मुद्रितांचे ३५० रुपये द्यावे लागले. पीडीएफनेच सुरुवात केली असती, तर ते वाचले असते.

२ फेब्रुवारी

३०० प्रती छापून आल्या. कागदासह खर्च २,७०० रुपये, मुद्रितांचे ३५० वेगळे, वर्गणीतून भागले. मुख्य नोंदीचा छापलेला मजकूर असा :

‘पॉपराइझ : १. (इंग्लंडच्या गरीब कायद्याच्या वादातून) सार्वजनिक मदतीवर जगणारा करणे. मराठीत “आश्रित करणे”. लेखक मदत घेणाऱ्याला दूषण देत असेल, तर “लाचार करणे”. हा मदतीच्या टीकाकारांचा शब्द आहे, हे तळटीपेत सांगावे. २. (सैल अर्थाने) दारिद्र्यात लोटणे. “गरीब करणे” हा पर्याय फक्त या दुसऱ्या अर्थी वापरावा.’

३ नोव्हेंबरचे वाक्य टिपणात असे गेले आहे : ‘सरसकट मदत वाटत राहिल्याने मजूर आश्रित बनतात.’

प्रती शहरातल्या अभ्यासिकांत आणि वकिलांच्या खोलीत ठेवल्या. वाटपानंतर वकीलताईंनी एक पुस्ती सुचवली आहे. ३३व्या आदेशातली १,००० रुपयांची मर्यादा सर्वांना लागू नाही. दाव्यासाठी कायद्याने शुल्क ठरवलेले असेल, तर ते भरण्याइतकी ऐपत अर्जदाराला आहे का, हे पाहिले जाते, आणि शुल्क ठरवलेले नसेल तेव्हाच ही मर्यादा लागू होते. शिवाय ऐपत मोजताना जप्तीतून वगळलेली मालमत्ता आणि ज्या मालमत्तेबद्दल दावा आहे ती, दोन्ही धरत नाहीत. उरलेल्या प्रतींत ही पुस्ती छापील पट्टी चिकटवून घालतो आहोत, आणि पीडीएफमध्ये तिसऱ्या पानावर ती मजकुरातच घेतली आहे.